बेट नंतर, आधी तास मोजा

‘पोरगा चार घंट्यात घरी येऊ शकते, मंग तुम्ही समुद्रात काहून चाल्ले?’

सासूबाईंचा हा प्रश्न रागाचा नव्हता. त्यांना खरेच कळत नव्हते. माझे यजमान कतारमध्ये रास लाफानच्या वायू प्रकल्पात देखभालीचे काम बघतात. मी नागपुरात सदरमध्ये राहते, शाळेत शिकवते. नागपूरहून दोह्याला थेट विमान असल्याचे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. असे असताना ईदच्या पाच दिवसांच्या सुट्टीत त्यांनी घरी न येता मालदीवला जायचे आणि मीही तिकडेच पोचायचे, हे ऐकायला विचित्रच वाटते.

ज्यांच्या घरातले माणूस दोहा, रियाध, दुबईला किंवा जहाजावर असते, त्यांना मात्र यातली गोम लगेच कळते. वर्षाकाठी मिळणारी महिनाभराची रजा घराची असते, आणि ती घराचीच असली पाहिजे. आईचे गुडघे, बँकेतल्या सह्या, दाताचा डॉक्टर, उमरेडची मावशी, दोन लग्ने, एक वास्तुशांती. त्या तीस दिवसांत नवरा-बायकोला घाई नसलेला एक चहा मिळाला तरी पुष्कळ. म्हणून मधली जी छोटी सुट्टी असते, चार-पाच दिवसांची, ती फक्त दोघांची ठेवावी असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या मैत्रिणी मला विचारतात त्यांना मी हेच सांगते, आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट सांगते: आधी घरी यायचे तिकीट काढा, मग बेटाचे. मी सासूबाईंना दिवाळीचे दोहा-नागपूर तिकीट दाखवले आणि मगच मालदीवचा विषय काढला. ऑफिसचे काम आहे, ट्रेनिंग आहे असले काही सांगू नका. चार दिवसांसाठी बोललेले खोटे पुढे चार वर्षे सांभाळावे लागते.

आता बेट कसे निवडायचे ते बघू. बहुतेक जण फोटो पाहून निवडतात. आम्हीही पहिल्यांदा तेच केले. निळे पाणी, लाकडी पूल, पाण्यावरची खोली. पाच दिवस म्हणजे १२० तास, एवढाच हिशेब डोक्यात होता. परत आल्यावर मी वही घेऊन बसले आणि जागेपणी आम्ही एकमेकांसोबत किती तास होतो ते मोजले. पन्नासच्या आत निघाले. त्यातलेही सहा तास धक्क्यावर आणि बाकड्यांवर गेले होते. बाकीचा वेळ प्रवास, वाट पाहणे आणि झोप यांनी खाल्ला होता.

झाले असे की मी नागपूर-मुंबई-माले अशी गेले आणि हे दोह्याहून थेट मालेला आले. हे दुपारीच उतरले. माझे मुंबईचे विमान उशिरा निघाले आणि मी मालेला पोचले तेव्हा चार वाजून गेले होते. आमच्या रिसॉर्टला जायचे तर समुद्रविमान. ही छोटी विमाने पाण्यावरून उडतात, पाण्यावरच उतरतात आणि फक्त दिवसाउजेडी चालतात. दुपारी साधारण साडेतीनच्या पुढे मालेला उतरणाऱ्याला त्या दिवशी समुद्रविमान मिळेल याचा भरवसा नसतो. हे आम्हाला बुकिंग करताना कुणी बजावून सांगितले नव्हते आणि आम्हीही विचारले नव्हते. ती रात्र शेजारच्या हुलहुमालेतल्या एका साध्या लॉजवर काढली. रिसॉर्टच्या खोलीचे त्या रात्रीचे पैसे गेले ते गेलेच.

म्हणून चार-पाच दिवसांच्या भेटीसाठी मालदीव ठरवत असाल तर समुद्रविमानाचे बेट टाळा, स्पीडबोटीने जाता येईल असे बघा. माफुशीसारख्या लोकवस्तीच्या बेटावर बोट अर्ध्या-पाऊण तासात पोचते आणि अंधार पडल्यावरही बोट मिळू शकते. शिवाय समुद्रविमानाच्या जाण्यायेण्याचे माणशी कित्येकशे डॉलर वाचतात. साधारण २०१० पासून लोकवस्तीच्या बेटांवर गेस्ट हाऊस निघाली आहेत आणि मध्यमवर्गीय खिशाला तीच परवडतात. तिथले नियम वेगळे आहेत, ते आधी माहीत असावेत. दारू नाही, पोहण्याचे तोकडे कपडे फक्त ठरवून दिलेल्या किनाऱ्यावर, शुक्रवारी सरकारी फेरीबोट बंद. रमजानच्या महिन्यात दिवसा बहुतेक खानावळी मिटलेल्या असतात. दोह्याच्या विमानतळावर घेतलेली दारूची बाटली मालेच्या कस्टममध्ये काढून घेतात आणि परतताना देतात.

दुसऱ्या खेपेला आम्ही मार्गच बदलला, आणि या लेखातली सर्वांत कामाची गोष्ट मला वाटते ती हीच. मी नागपूरहून रात्रीच्या विमानाने थेट दोह्याला गेले. सदरपासून विमानतळ दहा-बारा किलोमीटर, पण त्या वेळी मेट्रो नसते, म्हणून गाडी आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवली होती. दोह्याला मी बाहेर पडलेच नाही. पुढच्या विमानाची प्रवासी म्हणून आतच थांबले. हे आपले मालेचे तिकीट घेऊन, पासपोर्टवर शिक्का मारून आत आले. म्हणजे बेट अजून पाच तास दूर होते आणि आम्ही भेटलो होतो. हमद विमानतळाच्या मधोमध एक अवाढव्य पिवळे अस्वल बसलेले आहे, डोक्यावर दिवा घेतलेले. त्याच्या पायाशी भेटायचे ठरले होते. मी अकरा महिन्यांनी ह्यांना पाहिले ते त्या अस्वलाखाली, हातात दोन कागदी कप घेऊन उभे असलेले. एक कप गार झाला होता, कारण ते तासभर आधीच येऊन थांबले होते.

पुढचे पाच तास विमानात शेजारी बसून गेले. परतताना मालेहून दोहापर्यंत पुन्हा सोबत. नकाशावर हा रस्ता उलटा आहे, भाडेही मुंबईमार्गापेक्षा जास्त पडले. पण वहीतला आकडा सत्तरच्या घरात गेला. प्रत्येकाला हाच मार्ग जमेल असे नाही. शारजा-दुबईवाल्यांनी तिथल्या विमानतळाचा असा विचार करून पाहावा. मुद्दा एवढाच की दोघांचे रस्ते जिथे पहिल्यांदा एकत्र येऊ शकतात ते ठिकाण शोधा आणि तिथूनच सहल सुरू झाली असे समजा.

मुंबई किंवा बेंगळुरूमार्गे जाणारच असाल तर दोन्ही विमाने एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी स्वस्त तिकिटे जोडली आणि पहिले विमान रखडले, तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. मुंबईत देशांतर्गत विमान कधी टर्मिनल १ वर उतरते आणि परदेशी विमान टर्मिनल २ वरून सुटते. मधला रस्ता अंधेरीच्या गर्दीतून जातो. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीमार्गे मुळीच जाऊ नका, धुक्यात अर्धा दिवस सहज जातो.

दिवस कमी असतील तर दूरचे बेट नको. पूर्ण आठवडा मिळत असेल तर मात्र मी मॉरिशस सुचवीन. मुंबईहून थेट विमानाने साधारण सहा तास. आखातातूनही जवळपास तेवढाच वेळ, म्हणजे दोघांवर प्रवासाचा भार सारखा. भारतीयांना पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. आणि तिथे मराठी माणसे आहेत. १८३४ पासून गिरमिटिया मजूर म्हणून जे लोक तिथे नेले गेले त्यांत आपल्याकडचेही होते, आणि त्यांच्या वंशजांनी मराठी भाषा शाळांत टिकवली. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. मोका गावी महाराष्ट्र भवनात एप्रिल २०२३ मध्ये शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले, ते करायला आपल्या नागपूरचे देवेंद्र फडणवीस गेले होते. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट जरूर पाहावा. तिथल्या दगडी पायऱ्यांवर बोटीतून उतरलेल्या अनेक मजुरांना घर पुन्हा दिसले नाही. आपली ताटातूट अकरा महिन्यांची असते आणि मध्ये रोज व्हिडिओ कॉल असतो, हे तिथे उभे राहिल्यावर फार जाणवते. हवामान मात्र बघून जा. नोव्हेंबर ते एप्रिल तिथे चक्रीवादळांचे दिवस. मालदीवला याच्या उलट, डिसेंबर ते एप्रिल कोरडे आणि मे ते ऑक्टोबर पावसाचे. ईद दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकते, त्यामुळे गेल्या वर्षीचे बेट यंदा पावसात सापडू शकते.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. दोघांचेही पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर सहा महिने चालणारे असावेत. नागपूरकरांसाठी पासपोर्ट सेवा केंद्र मानकापूरला आहे, पण ‘होईल’ म्हणून शेवटच्या महिन्यावर ठेवू नका. तिकिटावरचे नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे. लग्नानंतर आडनाव बदलले असेल आणि पासपोर्ट जुन्या नावाचा असेल, तर तिकीटही जुन्याच नावाचे. विवाह नोंदणीच्या दाखल्याचा फोटो फोनमध्ये असू द्या. मालदीवला भारतीयांना उतरल्यावर पर्यटक व्हिसा फुकट मिळतो, पण उतरण्यापूर्वीच्या ९६ तासांत प्रवासाची ऑनलाइन घोषणा भरावी लागते. तीही फुकट आहे. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे खोटी समजा. सेशेल्सला व्हिसा नसला तरी आधी शुल्क भरून प्रवासाची परवानगी काढावी लागते. थायलंडचे नियम गेल्या दोन-तीन वर्षांत अनेकदा बदलले आहेत, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी त्या देशाचे अधिकृत संकेतस्थळ पाहायचे. आखातातल्या माणसाने आपल्या निवासी परवान्याची मुदत तपासावी. सौदीत असाल तर बाहेर पडून परत येण्याचा परवाना कंपनीकडून वेळेत हातात आला पाहिजे. आमच्या ओळखीत एकाची पूर्ण सहल या एका कागदावर अडली आणि त्याची बायको बेटावर एकटी बसून होती.

पैशांचे एक सोपे सूत्र मी पाळते. हॉटेल आणि बोट यांचे पैसे परदेशातल्या माणसाने आपल्या तिथल्या कार्डावरून भरावेत. भारतातून परदेशी पॅकेज घेतले तर त्यावर टीसीएस हा आगाऊ कर घेतला जातो. तो प्राप्तिकराचे विवरणपत्र भरताना जमा धरता येतो हे खरे, पण तोवर रक्कम अडकून राहते. आपले भारतीय कार्ड परदेशात चालण्यासाठी बँकेच्या ॲपमधून ती सोय आपणच सुरू करावी लागते. हे घरीच करा, कारण तिथे ओटीपी येईलच असे नाही. मालदीवमध्ये डॉलर चालतो. पर्यटकांवर दर दिवशी हरितकर आहे: रिसॉर्टमध्ये माणशी १२ डॉलर, लोकवस्तीच्या बेटांवरच्या छोट्या गेस्ट हाऊसमध्ये ६. खोलीच्या दरात तो धरलेला आहे का, दोन वेळचे जेवण आहे का, बोटीचे जाणे-येणे आहे का, हे तिन्ही प्रश्न लेखी विचारून घ्या.

बॅग भरताना नागपूरकर हमखास एक चूक करतात आणि ती महागात पडू शकते. नवरा भेटणार म्हटल्यावर आपण सावजी मसाला बांधतो. त्याच्या आईनेच कुटलेला असतो, पुडी हातात देताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो. बेटावर तो मसाला कुणी अडवणार नाही कदाचित, पण आपला माणूस तीच पुडी घेऊन आखातात परतणार असतो, किंवा माझ्यासारखी तुम्ही दोहामार्गे जाणार असता. सावजीच्या वाटणात खसखस असते. कतार, सौदी, अमिराती या सगळ्या देशांत खसखस अमली पदार्थांत धरतात, आणि तिच्यापायी लोक तुरुंगात गेलेले आहेत. मी आता सासूबाईंकडून खसखस न घालता वेगळा मसाला कुटून घेते. पहिल्यांदा त्या म्हणाल्या, ‘मंग त्याले सावजी कायले म्हणाचं?’ पण कारण सांगितल्यावर त्यांनीच डब्यावर चिठ्ठी चिकटवली. संत्रा बर्फी बिनधास्त न्या. औषधांचे मात्र खसखशीसारखेच. कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेल्या गोळ्या आखातात कडक नियंत्रणाखाली आहेत, म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय कुठलीच गोळी नेऊ नका. आणि अंगावर जास्त सोने घालून निघणार असाल तर जातानाच विमानतळावर कस्टमकडून त्याचा दाखला घ्या, नाहीतर परतताना आपलेच सोने आपले आहे हे सिद्ध करत बसावे लागते. मी मंगळसूत्र आणि दोन बांगड्या, एवढेच घालून जाते.

आता ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते. पहिली संध्याकाळ अवघड असते.

अकरा महिने ज्याचा आवाज रोज ऐकला, तो माणूस समोर बसलेला असतो आणि काय बोलावे ते सुचत नाही. फोनवर आपली एक लय बसलेली असते: जेवलास का, आईला ताप होता, वीज बिल भरले. ती लय समोरासमोर चालत नाही. ह्यांचे केस कानशिलावर पांढरे झालेले मला फोनवर दिसले नव्हते. मी वजन कमी केले होते ते ह्यांना कळले नव्हते. पहिल्या खेपेला या अवघडलेपणाची मला इतकी भीती वाटली की मी बडबड करत सुटले, आणि मग रात्री रडले. काही बिघडले आहे असे वाटले. बिघडले काहीच नव्हते. देहाला सवय व्हायला एक दिवस लागतो. म्हणून पहिल्या दिवशी काहीही ठरवू नका. ना डॉल्फिन बघायची बोट, ना मेणबत्त्या लावलेले जेवण. जवळ बसा, खा, झोपा. शरीराच्या जवळिकीची घाई दोघांपैकी कुणीही करू नये आणि त्यावरून मनाला लावूनही घेऊ नये. पाळीची तारीख आड येत असेल तर ती पुढे ढकलण्याची गोळी मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नका, डॉक्टरांना विचारा. आणि मूल हवे असलेल्या जोडप्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की या चार दिवसांवर तो भार टाकू नका. दर सुट्टी ही ‘आता झालेच पाहिजे’ अशी परीक्षा झाली की भेटच नकोशी होते. तो विषय डॉक्टरांकडे, मोठ्या रजेत, शांतपणे न्यावा.

भांडणही होणार. कारण वर्षभराचे विषय साठलेले असतात: घराचे कर्ज, दिराची उधारी, परत कधी येणार. आम्ही आता सहलीच्या आठवडाभर आधी एक लांब फोन त्यासाठीच ठेवतो. दोन तास, फक्त कटकटीचे विषय. जे सुटते ते सुटते. जे उरते ते तिसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीनंतर अर्धा तास बोलायचे, त्यानंतर त्या दिवशी पुन्हा नाही. पहिल्या रात्री आणि शेवटच्या रात्री पैशांचा विषय निघाला तर दुसऱ्याने उठून बाहेर फेरी मारून यावे, एवढे दोघांनी ठरवून घेतले आहे. मुले आजी-आजोबांकडे ठेवून येत असाल तर फोनची एक वेळ बांधून द्या. मालदीवचे घड्याळ आपल्यापेक्षा फक्त अर्धा तास मागे आहे, त्यामुळे रात्री आठचा फोन दोन्हीकडे सोयीचा पडतो. बाकी वेळ फोन खोलीत.

पाण्याबद्दल विदर्भातल्या माणसाला वेगळे सांगावे लागते. आपण अंबाझरी आणि फुटाळा तलावांच्या काठावर वाढलो. समुद्राच्या पाण्याची ओढ आपल्या अंगवळणी नाही. पोहता येत असले तरी लाइफ जॅकेट घालूनच प्रवाळ बघायला उतरा. प्रवाळावर पाय ठेवू नका, त्याने पाय फाटतो आणि प्रवाळ मरते. शिंपले-प्रवाळ उचलून आणणे मालदीवमध्ये गुन्हा आहे. स्कूबा केलीत तर त्यानंतर किमान १८ तास, शक्यतो २४ तास विमानात बसायचे नाही, आणि यात समुद्रविमानही आले. म्हणजे चार दिवसांच्या सहलीत स्कूबा दुसऱ्या दिवशीच, नंतर नाही. प्रवासविम्यात बेटावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च धरला आहे का तेही पाहा.

निघण्याच्या दिवसाचे नियोजन उतरण्याच्या दिवसाइतकेच नीट करा. दोघांची विमाने वेगळी असतील तर सुटण्याच्या वेळांत दोन तासांहून जास्त अंतर नको. एकाला निरोप देऊन दुसऱ्याने सहा तास त्याच खुर्च्यांवर बसून राहणे फार वाईट असते. मी पहिल्या खेपेला ते भोगले आहे. दोघांनी एकत्र आत जावे, एकत्र काहीतरी खावे, आणि पुढच्या भेटीची तारीख तिथेच फोनमध्ये नोंदवावी. तिकीट नंतर काढता येते. दोह्यात ह्यांची गाडी बाहेरच्या दाराशी आणि माझे नागपूरचे फाटक आत, त्यामुळे आमची ताटातूट उतरल्या उतरल्या पाटीखालीच होते. एक बाण डावीकडे, एक उजवीकडे. आम्ही तिथे थांबत नाही, हे ठरलेले आहे.

आणि रजा मागताना एक दिवस जास्त मागा. मी शाळेतून पाचच्या जागी सहा दिवसांची घेते. नागपूरला सकाळी घरी पोचते, बॅग तशीच दाराशी ठेवते. सासूबाई पोरगा कसा दिसतो ते विचारतात, मी केस पांढरे झाल्याचे सांगत नाही, खाल्ले नीट एवढे सांगते. मग दुपारभर खोलीचे दार लावून पडून राहते. त्या दिवशी कुणी मला हाक मारत नाही.